लादीतल्या दोन पट्ट्या

बर्फाच्या कारखान्यात भट्टी लावायला जागा मागणारा माणूस सरळ डोक्याचा नसणार, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. पण मागची शेड वर्षभर रिकामी पडली होती, तिच्यात मांजरं वीत होती, आणि मांजरं भाडं देत नाहीत. म्हणून दिली. "तुज्याकडे जनरेटर आसा, गोडां पाणी आसा आणि बर्फ आसा," ते म्हणाले. "माका आणखी काय होया?" भट्टीला बर्फ कशाला, हे मी विचारलं नाही. जामसंड्यात तेव्हा विजेचा भरवसा नव्हता आणि माझं सगळं लक्ष गोठता गोठता राहिलेल्या लाद्यांकडे असायचं.

ते मूळचे आमच्याच भागातले. घाटावर विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांचा जन्म गेला. धातू तापवून पाण्यात बुडवायच्या खात्यात होते. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन नागपूरला. निवृत्त होऊन गावी आले, ते गळकं घर शाकारायचं सोडून भट्टी बांधत बसले. ट्रॉलरच्या इंजिनांचे कंस, पंपांची पाती अशी किडूकमिडूक कामं करायचे, सगळी ॲल्युमिनियमची. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या टोपाला जर्मनचा टोप म्हणतात, म्हणून गावाने त्यांना जर्मनकाका करून टाकलं. त्यांना ते पसंत नव्हतं, पण हाक मारली की ओ द्यायचे.

त्यांच्या धातूची रीतच उलटी. लोहार लोखंड लाल करून पाण्यात घालतो आणि ते तिथल्या तिथे कडक होतं, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक. काकांची पट्टी भट्टीतून निघायची ती मुळी लाल नसायचीच; बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच फडताळातून काढली. ती पाण्यात जायची आणि मऊ व्हायची. हातांनी वाकवा, पिळा, काय हवं ते करा. मग नुसती ठेवून दिली की आपोआप कडक होत जायची, आणि चार दिवसांनी कोणी तिला वाकवायला गेला तर त्याचंच मनगट दुखायचं. "लोखंडाक राग लगेच येता," ते म्हणायचे. "ह्येका चार दिवसांनी."

मऊपणा तास-दोन तासच टिकायचा. तेवढ्यात काम उरकलं नाही, तर पट्टी बर्फात ठेवायची. गारठ्यात ती कडक व्हायचं विसरून जाते आणि बाहेर काढली की जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू करते. म्हणून त्यांना माझा बर्फ हवा होता. सुरमई आणि बांगड्यांच्या जोडीला माझ्याकडे धातूही राहायला आला.

पाण्याचेही त्यांच्याकडे प्रकार होते. जाड कामाला विहिरीचं गार पाणी. पातळ पत्र्याला कोमट, नाहीतर तो पापडासारखा वाकडा होतो. ते कोमट पाणी ते पिंपात कोपर बुडवून बघायचे, बाळंतिणीकडे येणारी सुईण बघते तसं. लांब पट्टी आडवी टाकायची नाही, उभी सोडायची. भट्टी उघडल्यापासून पाण्यात जाईपर्यंत मध्ये श्वास घ्यायचीही फुरसत नाही. वाटेत हवा लागून ती हळूहळू निवली, की मग पाणी घाला नाहीतर अमृत घाला, तिच्यात पुढे जोर येत नाही. म्हणून भट्टीपासून पिंपापर्यंत त्यांनी जमिनीवर चुन्याच्या दोन रेघा मारल्या होत्या. त्या रेघांच्या मध्ये कोणी उभं राहायचं नाही. एकदा कर्जाची चौकशी करायला बँकेचे साहेब आले आणि नेमके रेघांच्या मध्ये उभे राहून शेडचं छप्पर बघू लागले. काका चिमट्यात पट्टी घेऊन धावत सुटले. पट्टी लाल नसल्यामुळे साहेबांना काही सुचेना, आणि काकांना थांबणं शक्य नव्हतं. साहेबांना आम्ही मासळीच्या टोपल्यांतून बाहेर काढलं. कर्ज मिळालं नाही. पट्टी मात्र उत्तम झाली, हे त्यांनी साहेबांना रस्त्यापर्यंत पोचवताना दोनदा सांगितलं.

हाच नियम त्यांनी जगण्याला लावला होता. चहा चुलीवरून थेट कपात आणि कपातून थेट पोटात. मध्ये कोणी बोलायला लागलं तर कप परत द्यायचे. जेवायला बोलावलं की आधीच येऊन पाटावर बसायचे आणि भात उतरायची वाट बघायचे. आमच्या आईला याचा भारी जाच व्हायचा.

भांडणात मात्र ते आपल्या धातूवर गेले होते. मी भाडं वाढवल्याचं सांगितलं तेव्हा "बरां" म्हणून गेले. मी खूश. चार दिवसांनी भल्या सकाळी येऊन त्यांनी माझा असा समाचार घेतला, की मी भाडं होतं तेच ठेवलं आणि वर शेडचं दारही दुरुस्त करून दिलं. पुढे पुढे गावात कोणी त्यांना टाकून बोललं, की लोक बोटांवर दिवस मोजायला लागायचे.

सगळ्यात जास्त टाकून बोलायचे ते दाजी. दाजींचं किराणाचं दुकान आमच्या फाटकासमोर. मुलगा मुंबईला नोकरीत, म्हातारा एकटा, आणि गिऱ्हाईक नसलं की माझ्या बाकड्यावर येऊन बसणं हा त्यांचा हक्क. काकांच्या धातूवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एका सोमवारी चार माणसांसमोर ते म्हणाले, "पाण्यात घालून वस्तू मऊ करता, असो लोहार मी जल्मात बघूक नाय. सरकारान ह्येका इतकी वर्सां फुकट पोसल्यान." काका शेडमध्ये निघून गेले. उत्तर शुक्रवारी येणार, हे बाकड्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं. दाजींनाही होतं, आणि ते त्याची वाटच बघत होते.

आता माझ्या बहिणीचं सांगतो. शालू माझ्याहून लहान. लहानपणी पोलिओने तिचा उजवा पाय गेला. मोठ्या हॉस्पिटलातून मिळालेला लोखंडी कॅलिपर ती पायाला बांधायची. तो इतका जड की संध्याकाळी कमरेला कळ लागायची. चालताना त्याचा खडखडाट व्हायचा म्हणून घराबाहेर पडायची नाही. डी.एड. होऊन घरी शिकवण्या घेत होती. त्या वर्षी कुणकेश्वरच्या शाळेत तिची नेमणूक झाली. एस.टी.पासून शाळेपर्यंत रेतीची वाट आणि वर्ग माडीवर. हेडमास्तर सभ्यपणे म्हणाले होते, की जिना चढवत असेल तर येत्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर यादीत पुढचं नाव आहे. अशा दोन नोकऱ्या तिने आधी सोडल्या होत्या. ही गेली तर पुन्हा अर्ज करणार नाही, असं तिने आईला सांगून ठेवलं होतं. ती बोलेल तसं करणारी आहे, म्हणून घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं होतं.

काकांनी तिला आमच्या ओटीवर चालताना ऐकलं. बघितलं नाही, ऐकलं. आत येऊन विचारलं, "ह्यां लोखंड कोणी दिल्यान गो तुका? ह्यां बैलाक घालूचां." शालूने त्यांच्या तोंडावर दार लावलं. दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन आले आणि बंद दाराला सांगून गेले, की आपल्याकडे विमानाच्या धातूच्या दोन पट्ट्या आहेत, लिलावात घेतलेल्या, बरोबर तिच्या पायाच्या लांबीच्या. टेप त्यांनी उंबऱ्यावर ठेवला होता. संध्याकाळी मापं त्यांच्याकडे पोचली. कोणी पोचवली ते घरात कोणी कबूल केलं नाही.

दाजी टाकून बोलले त्याच आठवड्यात, बुधवारी, त्यांनी पट्ट्या तापवून पाण्यात सोडल्या. दोन्ही झकास झाल्या, आणि त्याच वेळी विजेच्या भट्टीची तापणारी तार जळाली. नवी तार कोल्हापूरहून येणार, आठवडा तरी लागणार. म्हणजे या पट्ट्या कडक व्हायच्या आत पायाबरहुकूम वाकवल्या तरच सोमवार साधणार होता, पुन्हा तापवायची सोय उरली नव्हती. आणि शालूने ऐन वेळी यायला नकार दिला. परक्या पुरुषासमोर तिने तो पाय आजवर उघडा केला नव्हता. आईने समजावलं, मी ओरडलो, तिने आतून कडी लावली.

काका रागावले नाहीत. पट्ट्या घेऊन माझ्या लाद्यांच्या टाकीकडे गेले. लादी कडेकडेने गोठत येते, मधलं पाणी सगळ्यात शेवटी. अशा अर्धवट गोठलेल्या एका डब्यात त्यांनी दोन्ही पट्ट्या उभ्या सोडल्या. "तिचो राग जायसर ह्यो मऊ रवतल्यो," म्हणाले आणि घरी गेले. तो डबा वेगळा ठेवायला मी कामगाराला सांगितलं होतं. पण सकाळच्या पाळीचा कामगार दुसरा होता.

गुरुवारी उजाडता उजाडता दाजी गेले. झोपेतच. मुलगा मुंबईहून दुपारच्या गाडीने पोचणार होता, तोपर्यंत देह ठेवायचा म्हणून माणसं बर्फ न्यायला आली. आमच्याकडे हे नेहमीचंच. चाकरमानी येईपर्यंत मेलेल्याला थांबावं लागतं आणि त्याची सोय मी करतो. कामगाराने चार लाद्या काढून दिल्या. थोड्या वेळाने शालू, रात्रभर रडून डोळे सुजलेली, काकांच्या शेडमध्ये जाऊन बाकावर बसली आणि म्हणाली, "घ्या काय तां करून." काका लादी आणायला गेले. लादी नव्हती.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आत्ता जाऊन मागून आणतो, दुसरी देतो, माणसं समजून घेतील. काका नको म्हणाले. ते स्वतः दाजींच्या घरी गेले, मी पाठोपाठ. ओसरीवर चार लाद्या मांडून वर फळी, फळीवर दाजी. डोक्याखालच्या लादीत दोन काळसर रेघा दिसत होत्या. मी काकांच्या कानाशी लागून म्हटलं, की दोघांनी डोक्याकडून जरा उचलून धरलं तर लादी ओढून घेता येईल.

"दाजी वाकडो होतलो," ते म्हणाले. मग म्हणाले, "तेकाय झिलाची वाट बघूची आसा. रवांदे."

ज्या माणसाने चहाला कधी दम धरला नाही, तो दाजींच्या उशाशी मांडी घालून बसला. आंब्याच्या पेट्या करणाऱ्या सुताराकडून त्यांनी गोणीभर भुसा मागवला आणि डोक्याखालच्या लादीभोवती हाताने दाबून दाबून बसवला. वरून ओली गोणपाटं. मला निरोप, की आणखी दोन लाद्या पाठव. मी पाठवल्या. ऊन चढलं तसा पुन्हा निरोप. पुन्हा पाठवल्या. येणारी-जाणारी माणसं गहिवरून बघत होती. दाजींशी ज्याचा उभा दावा, तो जर्मनकाका सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता बसलाय. आणि एरवी बर्फाचा खडा फुकट न देणारा मी लादीवर लादी पाठवतोय. त्या दिवशी माझं गावात जे नाव झालं त्यावर मी पुढे बरीच वर्षं काढली.

गाडी उशिरा आली. मुलगा आला, बापाच्या पायांवर पडला, रडणं-भेकणं झालं. काका भुशातली बोटं काढायला तयार नव्हते. शेवटी तिरडी बांधून झाली. दाजींना उचलण्याआधी काका वाकले आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलले. सगळ्यांना वाटलं, देवाचं नाव घेतलं. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "शुक्रवारचां आजच सांगलंय. म्हटलंय, मऊ आसा की नाय तां तूच बघितलंस, रातभर डोक्याखाली होतां." मी म्हटलं, काका, रातभर नाही, सकाळपासून. ते म्हणाले, "दाजीन कधी हिशोब बरोबर केल्लो?"

देह निघाला. काकांनी ती लादी, आता निम्मीच उरलेली, गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेतली आणि प्रेतयात्रेच्या मागून चालू लागले. पाणी त्यांच्या सदऱ्यावरून ओघळत होतं. पुढे रस्त्याला फाटा फुटतो. उजवीकडे स्मशान, डावीकडे आमचा कारखाना. ते फाट्यावर उभे राहिले, लादीसकट वाकून नमस्कार केला आणि डावीकडे वळले. दाजींच्या मुलाने ते पाहिलं आणि त्याने त्याचा काय अर्थ लावला कोण जाणे. पण दर वर्षी वडिलांच्या श्राद्धाला तो मुंबईहून यायचा आणि काकांना हाताला धरून पहिल्या पंक्तीला बसवायचा. काका जायचे. भात गरम असला की दुसऱ्यांदा मागायचे.

शेडमध्ये आई दार अडवून उभी होती. तिला कुठूनतरी कळलं होतं. मेलेल्याच्या डोक्याखालचं लोखंड माझ्या मुलीच्या पायाला लागू देणार नाही, म्हणाली. लोखंड नव्हे, असं काका सांगायला गेले, त्याचा उपयोग होण्यासारखा नव्हता. ती म्हणाली, विटाळ लागेल, आधीच पाय असा, आता आणखी काय बघायचं राहिलंय.  लादी दाराबाहेर उन्हात, खाली पाण्याचं थारोळं वाढतंय.

शालूने बाकावर बसल्या बसल्या लोखंडी कॅलिपरचे पट्टे सोडले. तो जमिनीवर आदळला. तिने परकर गुडघ्याच्या वर घेतला आणि पाय बाकावर लांब करून ठेवला. मीसुद्धा तो पाय कित्येक वर्षांनी बघत होतो. बारीक, निळसर.

"आये, ह्यो पाय आजपर्यंत खंय गेलोच नाय," ती म्हणाली. "तेका विटाळ कसलो लागतलो? बाजूक हो."

आई बाजूला झाली. तोंडाला पदर लावून बाहेर गेली आणि पायरीवर बसली.

काकांनी लादी फोडली. पट्ट्या हातात घेतल्या, अंगठ्याने दाबून बघितल्या आणि पहिल्यांदाच त्या दिवशी त्यांचा चेहरा सैल झाला. मग त्यांनी पट्टी तिच्या पायाच्या बाजूला धरली आणि हातांनी वाकवत गेले. मांडीशी जरा बाहेर, गुडघ्याशी आत, घोट्याशी पुन्हा बाहेर. मध्येच गुडघ्यावर घेऊन दाबायचे, पुन्हा लावून बघायचे. पायाकडे ते मापाकडे बघावं तसं बघत होते. ना कणव, ना संकोच. "हालू नको गो, तूच माजो सांचो," एवढंच म्हणाले. शालूने डोळे मिटले होते. दुसरी पट्टी होता होता तिने ते उघडले आणि काय चाललंय ते बघू लागली. 

चपला शिवणाऱ्याने पट्टे आणि बूट जोडून दिला. पण चार दिवस त्यावर अंगाचा भार टाकायचा नाही, अशी काकांची ताकीद. ते रोज सकाळी यायचे, ओटीवर टेकवून ठेवलेल्या कॅलिपरच्या पट्टीवर एक नाणं वाजवायचे, कान लावून आवाज ऐकायचे, आईने दिलेला चहा उकळता पिऊन निघून जायचे. पहिल्या दिवशी आवाज बद्द आला. शनिवारी जरा बरा. रविवारी शालूने विचारलं, आता? ते म्हणाले, अजून मनातलं सगळं काढलं नाही त्याने.

सोमवारी एस.टी.च्या आधी आले. नाणं वाजवलं. आवाज लांबला, ओटीभर गेला.

"आता चल," ते म्हणाले.

तिच्याबरोबर कुणकेश्वरला मी गेलो. रेतीत ती दोनदा थांबली, दोन्ही वेळा मला हात लावू दिला नाही. शाळेच्या जिन्याखाली हेडमास्तर उभे होते. ती कठडा धरून चढली, आणि वर गेल्यावर खाली न बघताच वर्गात शिरली. थोड्या वेळाने वरून पाढे ऐकू यायला लागले. मी हेडमास्तरांना नमस्कार केला आणि देवळात जाऊन बसलो. तिथे मला रडू आलं, कोणी बघितलं नाही.

काकांना जाऊन सांगितलं, जिना चढली. त्यांनी विचारलं, चालताना पट्टी खडखडली का? मी म्हटलं, नाही. "मग बरां," म्हणाले आणि तार जोडत बसले.

पुढे दहा वर्षं सरता सरता काका गेले. साधा ताप आला होता, दवाखान्यात जाईपर्यंतही थांबले नाहीत. मुलगी नागपूरहून निघाली होती, तिला पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. मी लाद्या पाठवल्या. प्रत्येक लादी आधी उजेडात धरून बघितली, आत काही नाही ना. ती सवय आता जायची नाही. शालू कुणकेश्वरहून आली. तिने पेटीवाल्याकडून भुसा मागवला आणि उशाशी बसून लाद्यांभोवती हाताने दाबून बसवत राहिली. कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

मुलगी आली. त्यांना उचलायच्या आधी शालू वाकली आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलली. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. ती फाट्यापर्यंत आली, तिथे उभी राहून तिने वाकून नमस्कार केला आणि डावीकडे वळली. 

मी संध्याकाळी विचारलं, काय सांगितलंस त्यांना?

"चार दिवसांनी सांगतंय," ती म्हणाली.

मला वाटलं, विषय टाळतेय. चौथ्या दिवशी सकाळी मी टाकीवर लाद्या काढत होतो. ती शाळेला जाताना वाट वाकडी करून फाटकातून आत आली. मागच्या शेडचं दार उघडून चुन्याच्या रेघा बघितल्या, त्यांच्या मध्ये न उभं राहता कडेने फिरून आली. मग पिशवीतून एक नाणं काढलं आणि पायाच्या पट्टीवर वाजवलं. आवाज शेडभर गेला.

"इतक्यांच सांगलंय," ती म्हणाली. "अजून वाकाक नाय."

आणि तिथेच माझ्या बाकड्यावर बसून ती खूप वेळ रडली. एस.टी. गेली, तरी मी तिला उठवलं नाही.